शेवटचा तास कुणाचा? खानापूर तालुक्यातल्या एका लहान हायस्कूलचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं हे एक अनुदानित हायस्कूल. शाळेचं, गावाचं, कुणाचंच नाव इथे दिलेलं नाही आणि मुलं ओळखू येतील असे काही तपशील बदलले आहेत. मी या शाळेत गणित शिकवते. यातले काही निर्णय माझे होते. जे चुकले त्यातलेही काही माझेच, म्हणून ते तसेच लिहिते आहे.

पार्श्वभूमी

शाळा पाचवी ते दहावी. २०२३-२४ साली पट ११८. मुख्याध्यापक धरून सात शिक्षक, एक लिपिक, एक शिपाई. जनरल रजिस्टरच्या पहिल्या पानांवर जिल्ह्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ असं लिहिलेलं आहे. १९६० साली ते बदलून सांगली झालं, म्हणजे शाळा त्याच्याही आधीची. माझ्या आठवीतल्या काही मुलांचे आजोबा याच रजिस्टरात सापडतात.

हा भाग दुष्काळी. पाऊस नाही, शेतीत भागत नाही, म्हणून इथली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर पांगली. विट्याच्या आसपासच्या गावांत कुणाचं तरी दुकान तमिळनाडूत, कुणाचं केरळात, कुणाचं बंगालमध्ये असतंच. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय, द्राक्षं आणि डाळिंबं उभी राहिलीत, काही घरं परतही आली. तरी त्या वर्षी आठवीतल्या २७ मुलांपैकी आठ जणांचे वडील परराज्यात होते. त्यातली पाच मुलं आजी-आजोबांकडे राहत होती. हा तपशील पुढे कागदपत्रांच्या वेळी फार महाग पडला.

२७ पैकी ११ मुलं वाड्या-वस्त्यांवरून एसटीनं यायची, त्यात आठ मुली. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो, त्यामुळे भाड्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेळेचा होता. संध्याकाळची एसटी पाच वीसला सुटायची आणि ती चुकली की पुढची नव्हती.

गावाला शाळेचा अभिमान आहे तो खो-खोमुळे. या खेळाला आमच्यासारख्या शाळेला परवडेल एवढंच लागतं: दोन खांब, फक्की आणि सत्तावीस मीटर बाय सोळा मीटर सपाट जागा. आदल्या वर्षी चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ जिल्ह्यात उपविजेता होता. खेळाचे सर शाळेचा शेवटचा तास, सव्वाचार ते पाच, रोज मैदानावर सराव घ्यायचे. हा तास वर्षानुवर्षं त्यांचा होता आणि त्यावर कुणी कधी हरकत घेतली नव्हती.

प्रश्न

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी ठरवलं की या वर्षी एनएमएमएस परीक्षेला आठवीचा अख्खा वर्ग तयार करायचा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची ही परीक्षा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, थेट मुलाच्या खात्यावर. तोपर्यंत आम्ही दरवर्षी वर्गातली सहा-सात ‘हुशार’ मुलं निवडून फॉर्म भरायचो. हुशार कोण हे आम्हीच ठरवायचो, आणि खरं सांगायचं तर ज्यांचे पालक शाळेत येऊन विचारायचे त्यांचीच नावं आधी सुचायची. मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की सातवीला ५५ टक्के आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत एवढ्याच सरकारच्या अटी आहेत, तर त्यात आपली तिसरी अट कशाला? ते मला पटलं.

दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. एक बौद्धिक क्षमता चाचणीचा. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, ज्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० प्रश्न. पहिल्या पेपरातल्या आकृत्या, मालिका, आरशातल्या प्रतिमा आमच्या मुलांनी कधी पाहिलेल्याच नव्हत्या. रोज तास घेतल्याशिवाय हे होणार नव्हतं, आणि वेळापत्रकात मोकळा तास एकच होता. तो मैदानावर होता.

मोठ्या शाळेत अभ्यासाची मुलं वेगळी निघतात, खेळाची वेगळी. आमच्याकडे तसं नाही. खो-खोचा संघ बारा जणींचा, मैदानात नऊ. वयात बसणाऱ्या मुली सहावी ते आठवी मिळून चौतीस. त्यातल्या पळणाऱ्या, सूर मारणाऱ्या, उन्हाला न कंटाळणाऱ्या किती? पहिल्या नऊमधल्या पाच आठवीच्या होत्या आणि त्यातल्या तिघी वर्गातही पहिल्या दहात. पंधरा ऑगस्टच्या लेझमीत त्याच, विज्ञान प्रदर्शनात त्याच, स्नेहसंमेलनात निवेदनाला त्याच.

या तिघींतली एक खांबावरची. खांबाजवळ वळता वळता गडी टिपायचा तर वेग आणि अंदाज दोन्ही लागतात, आणि ते तिच्याकडे होते. धनगर वस्तीवर आजीजवळ राहायची, गणितात वर्गात दुसरी. पुढे मी तिला ‘खांबावरची’ एवढंच म्हणेन.

समोरचे पर्याय

जूनच्या शेवटच्या सभेत चार गोष्टी मांडल्या गेल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आणि रविवारी जादा वर्ग घ्यायचा, हा पहिला पर्याय. पण रविवारी वस्तीची एसटी नाही, आणि शनिवारी दुपारी पोरी घरी शेरडं-मेंढरं, धाकटी भावंडं सांभाळतात. तो लगेच बाजूला पडला. दुसरा, शेवटचा तास आठवड्यात वाटून घ्यायचा. तिसरा, कला-कार्यानुभवाचे तास परीक्षेला द्यायचे. याला मुख्याध्यापकांनी नकार दिला आणि तो योग्यच होता. आठवड्यात मुलांच्या हाताला रंग लागतो तो तेवढाच वेळ. चौथा, मुलांनाच निवडू द्यायचं, खेळ की परीक्षा.

सकाळच्या वेळेचा विषय कुणी काढलाच नाही. आम्ही बहुतेक जण विट्याहून येणारे. शाळा पावणेअकराची, आम्ही पोचायचो साडेदहाला. शाळेचा दिवस साडेदहाला सुरू होतो असंच आमच्या डोक्यात होतं. या सगळ्या प्रकरणातली पहिली चूक मी इथेच धरते.

पहिला निर्णय आणि तो का फसला

तास वाटून घ्यायचं ठरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मैदान आणि मंगळवार, गुरुवार परीक्षेचा वर्ग. कागदावर दोघांनाही न्याय मिळत होता.

तीन आठवड्यांत दोन्हीकडे बिनसलं. खो-खो एक दिवसाआड होत नाही. बसलेलीला न बघता मागून खो मिळतो आणि ती त्याच क्षणी उठते, हे अंगात मुरायला रोजचा सराव लागतो. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या. खेळाचे सर चिडून बोलले नाहीत, पण एका बुधवारी शिक्षकखोलीत म्हणाले, “बाई, पोरी खो देतायत, पण उठायला अर्धा सेकंद जास्त लागतोय.” माझ्याकडेही काही धड नव्हतं. आठवड्याला दोन तास, त्यातही शेवटची दहा मिनिटं वस्तीवरच्या मुली घड्याळाकडे बघत बसायच्या. मंगळवारी शिकवलेलं गुरुवारी परत शिकवायचं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा.

जुलैच्या अखेरीस मी सुचवलं की आता मुलींनाच निवडू द्या. मला वाटलं, हा त्यांचा मान राखणं आहे. तिघींना शिक्षकखोलीत बोलावून सांगितलं की घरी विचारा आणि उद्या सांगा. दोघी म्हणाल्या, खेळतो. खांबावरची दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आजी म्हणती अभ्यास कर.” मला आनंद झाला होता. तो मी लपवलाही नव्हता.

आमचा आठवीचा वर्ग मैदानाच्या बाजूला आहे. ती खिडकीजवळ बसायची. बाहेर शिट्टी वाजली की तिचं पेन थांबायचं. पहिल्या आठवड्यात मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या आठवड्यात सराव-पेपरात तिचे गुण आधीपेक्षा कमी आले. तिसऱ्या आठवड्यात ती सलग सहा दिवस आली नाही.

मुख्याध्यापक वस्तीवर गेले. आजीनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, “खेळायचं न्हाई म्हटल्यावर ती म्हणती, मग शाळेत जाऊन करू काय?” त्या मुलीला अभ्यास नकोसा नव्हता. मैदानावर ती कुणीतरी होती, त्या जोरावर ती वर्गातही ताठ बसायची. आम्ही एक काढून घेतलं तेव्हा दुसरंही सैल झालं. तेरा वर्षांच्या मुलीला, आजीच्या तोंडावर, बारा हजार रुपये आणि खेळ यातलं एक निवड म्हणणं याला निवड म्हणत नाहीत. ते ओझं आमचं होतं, आम्ही ते तिच्या खांद्यावर दिलं.

पायरीवरचा तास

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे पुन्हा बसलो. चर्चा गोल गोल फिरत होती. चहा घेऊन आलेले आमचे शिपाई मामा दारात थांबले आणि म्हणाले, “बाई, वस्तीच्या पोरी नवापासनं पायरीवर बसून असत्यात की. तवा घ्या तास.”

सकाळची एसटी विट्याच्या कॉलेजच्या पोरांसाठी लावलेली होती. वस्तीवरून ती सव्वाआठला निघायची आणि पोरींना नवाच्या सुमाराला गावात सोडून पुढे जायची. म्हणजे आठवीच्या आठ मुली, वरच्या-खालच्या वर्गांतल्या धरून वीसेक मुलं, रोज पावणेदोन तास शाळेच्या पायरीवर बसून होती. मामा नऊला फाटक उघडायचे, म्हणून एकट्या त्यांनाच हे माहीत. आम्ही पंचेचाळीस मिनिटांसाठी भांडत होतो आणि रोजची शंभरेक मिनिटं व्हरांड्यात सांडत होती.

हे कळलं म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. सकाळी सव्वानऊला शिकवायला कोण येणार? गावात राहणारे शिक्षक दोघंच. शेवटी विज्ञानाचे सर, इतिहासाच्या बाई आणि मी, प्रत्येकानं दोन दिवस घेतले; शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंतचा तास धरला. माझ्या दोन दिवसांसाठी मला विट्याहून साडेसातला निघावं लागायचं, घरातली सगळी घडी बदलली. याचा वेगळा मोबदला नव्हता. ‘शिक्षकांनी त्याग करावा’ असं लिहून ही गोष्ट गोड करायची माझी इच्छा नाही. इतिहासाच्या बाईंचं मूल लहान होतं, त्यांना ते जड गेलं. नोव्हेंबरात त्यांचा एक दिवस मुख्याध्यापकांनी स्वतः घेतला.

दुसरी अडचण जबाबदारीची. शाळेच्या वेळेआधी मुलं आवारात असताना काही झालं तर? पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय घेऊन मुख्याध्यापकांनी ठराव केला आणि प्रत्येक पालकाचं संमतीपत्र घेतलं. परराज्यातल्या वडिलांची संमती व्हॉट्सअॅपवर आली.

तिसरी अडचण आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती, ती मुलांनी दाखवली. भूक. आठला घरातून निघालेलं पोर दहाला ढिलं पडायचं. पोषण आहाराची खिचडी दुपारच्या सुट्टीत, तीही आठवीपर्यंतच. पायरीवर बसणाऱ्या नववी-दहावीच्या मुलींना तीसुद्धा नाही. संघातल्या दोन पालकांनी शेंगांची पोती आणि गुळाच्या ढेपा आणून टाकल्या. दहा वाजता मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, जो आवारात असेल त्या प्रत्येकाला. माझ्या मते त्या वर्षीच्या हजेरीत या शेंगदाण्यांचा वाटा आमच्या शिकवण्याइतकाच होता.

एक सप्टेंबरपासून सकाळचा वर्ग सुरू झाला आणि शेवटचा तास पुन्हा पूर्णपणे मैदानाला मिळाला. खांबावरचीला सरांनी पहिल्याच दिवशी काही न बोलता तिच्या जागी उभं केलं.

वर्गाबाहेर ठेवलेली पाच मुलं

२७ पैकी पाच मुलांना सातवीत ५५ टक्के नव्हते, म्हणून ती परीक्षेला बसू शकत नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये मंगळवार-गुरुवारी त्यांना आम्ही वाचनालयात पाठवायचो. ‘वाचनाचा तास’ असं नाव दिलं होतं. त्यांना काय कळायचं ते कळलं होतं. एकानं मला वर्गातून बाहेर पडताना सरळ विचारलं, “बाई, आमचा ढ तुकडीचा तास कुठं?”

सकाळच्या वर्गात ही वाटणी आपोआपच मोडली, कारण एसटीनं आलेलं पोर कुठे पाठवणार? सगळेच बसले. आणि तोच मुलगा आकृत्यांच्या प्रश्नांत सगळ्यांच्या पुढे निघाला. आरशातली प्रतिमा, कागदाची घडी उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, हे तो फळ्यावर येऊन इतरांना समजवायचा. त्याला परीक्षेला बसवण्याचा काही मार्ग नव्हता. पण दीड महिना मी या मुलाला बाहेर ठेवलं होतं, हे माझ्या मनातून जात नाही.

कागदपत्रं

परीक्षेला बसू शकणारी मुलं २२. प्रत्यक्ष फॉर्म भरले गेले १९. गळालेल्या तिघांपैकी एकाही मुलाची यात चूक नव्हती. दोघांचे वडील गलाईच्या कामावर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांची कागदपत्रं आणि स्वयंघोषणापत्र लागत होतं. ते दिवाळीला येणार होते, मुदत त्याआधी संपली. तिसऱ्या मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव एक आणि शाळेच्या नोंदीत दुसरं. दुरुस्तीसाठी दोन फेऱ्या मारून आजोबा थकले.

आम्ही दाखल्यांचं काम फॉर्म सुरू झाल्यावर हातात घेतलं. ते सातवीच्या उन्हाळ्यात, गावाच्या जत्रेला व्हायला हवं होतं. बाहेरगावचा प्रत्येक बाप जत्रेला हजर असतो.

काय झालं

मुलींनी तालुका जिंकला. जिल्ह्यात उपांत्य सामन्यात हरल्या, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा एक पायरी खाली. खेळाचे सर म्हणाले की ऑगस्ट परत मिळाला असता तर अंतिम सामना खेळलो असतो. मी त्यावर वाद घालत नाही.

डिसेंबरमध्ये १९ मुलांनी परीक्षा दिली. ११ पात्र ठरली. आदल्या वर्षी सहा जणांना बसवून दोघं पात्र होती. पण पात्र होणं आणि शिष्यवृत्ती मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्ह्याचा आणि प्रवर्गाचा कोटा असतो, त्याप्रमाणे निवडयादी लागते. यादीत आमची तीन मुलं आली. उरलेल्या आठांपैकी मराठा-कुणबी प्रवर्गातल्या चौघांना ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला ८०० म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये. तिची माहिती आमच्या लिपिकांना होती, म्हणून ती हातची गेली नाही.

खांबावरची पात्र झाली, पण निवडयादीत आली नाही आणि सारथीच्या अटीत बसत नव्हती. तिला एक रुपयाही मिळाला नाही. निकाल मी तिला सांगितला तेव्हा तिनं विचारलं, “मग सकाळचा तास आता बंद?” नववीत ती सतरा वर्षांखालच्या संघात गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या रविवारची अंतिम लढत वस्तीवर एका मोबाइलवर तिच्यासह पंधरा जणांनी पाहिली, असं सोमवारी तिनंच परिपाठात सांगितलं.

एक गोष्ट मात्र नंतर हातची गेली. निवडलेल्या तिघांना दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. दहावीच्या वर्षी आमचे लिपिक निवृत्त झाले होते आणि जागा रिकामी होती. मला वाटलं वर्गशिक्षकांनी भरलं, वर्गशिक्षकांना वाटलं मी भरलं. दोघांचे फॉर्म त्यांच्या मोठ्या भावंडांनी भरले होते, तिसरीचा राहिला. आई द्राक्षबागेत रोजानं जाणारी. तिचे त्या वर्षाचे बारा हजार आमच्यामुळे बुडाले. आम्ही घरी जाऊन तसं सांगितलं.

आज वेगळं काय केलं असतं

जूनच्या सभेत वेळापत्रक उघडण्याआधी मामांना विचारलं असतं, फाटक किती वाजता उघडता आणि तेव्हा कोण कोण असतं. कार्यक्रमांची यादी करून त्यात मुलं बसवायला गेलो, तिथे अडकलो. एका मुलीचा सकाळी सात ते संध्याकाळी सात असा दिवस कागदावर मांडला असता तर पावणेदोन तासांचं भोक पहिल्याच दिवशी दिसलं असतं. आता आम्ही दर जूनला प्रत्येक वस्तीच्या एका मुलाचा दिवस असा लिहून घेतो.

तिघींना निवडायला लावलं नसतं. मोठ्यांचं भांडण मिटेपर्यंत दोन्ही अर्धवट चालू राहिलं असतं तरी चाललं असतं.

एका प्रश्नावर आमच्यात अजून एकमत नाही. आठवीच्या सगळ्या वर्गावर मेहनत घेण्यापेक्षा यादीत येऊ शकतील अशा आठ-दहांवर घेतली असती तर तिघांऐवजी पाच आले असते का? विज्ञानाच्या सरांना वाटतं, आले असते. कदाचित त्यांचं खरंही असेल. पण ते आठ-दहा कोण, हे जूनमध्ये मला विचारलं असतं तर मी दिलेल्या नावांत, निवडयादीत आलेल्या तिघांपैकी एकाचं नाव नसतं.

नूतनीकरणासाठी आता एक वही आहे. मुलाचं नाव, खातं आधारला जोडलंय का, फॉर्म कुणी भरला, कुठल्या तारखेला, आणि भरणाऱ्याची सही. ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर असते, कपाटात नाही.

यंदा एसटीची वेळ बदलली आहे. गाडी आता नऊ चाळीसला येते. सकाळचा वर्ग पाऊण तासावर आला आहे. वेळ पूर्वीसारखी करून मिळावी म्हणून पालक-शिक्षक संघानं आगाराला अर्ज दिला आहे. त्यावर पहिली सही खांबावरचीच्या आजीच्या अंगठ्याची आहे.